दोन मिनिटांचे उड्डाण आणि आमची सहल

यंदाची सहल मुंबईला विमानाने न्यावी, अशी सूचना काही पालकांनी केली असून ती विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ आहे. मुले अर्थातच खूष आहेत. आमचे मत वेगळे आहे, आणि निर्णय होण्यापूर्वीच ते मांडलेले बरे.

विमानाशी आमचे वैर नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. त्यांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधले अंतर अवघे २.७ किलोमीटर, आपल्या राजवाड्याहून पलासियाला जावे, त्याहूनही कमी! तेथे १९६७ पासून विमान जाते. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटे दिली आहेत, आणि एकदा तर ते ५३ सेकंदांत पार पडले. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : दोन मिनिटांत २.७ किलोमीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. हा वेग ए.बी. रोडवरच्या मोटारीचाही असतो. मग विमान कशाला? तर मध्ये समुद्र आहे. डॉक्टर, शिक्षक, रुग्ण यांची त्या विमानाने सोय होते. तेथे ती चैन नव्हे.

आपल्या आणि मुंबईच्या मध्ये समुद्र नाही. जे आहे ते मुले भूगोलाच्या पुस्तकात पाठ करतात. मानपूरच्या पुढे विंध्य उतरला की निमाड, खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासन घाटात सातपुडा, आणि शिरपूर ओलांडल्यावर तापी. दोन पर्वत आणि दोन नद्या एकाच दिवसात, त्याही क्रमाने! (गंमत अशी की आपला विमानतळही बिजासन टेकडीजवळच आहे. एका बिजासनहून उडायचे आणि दुसरे बिजासन ढगांत हरवायचे.) वाट थोडी वाकडी केली तर अहिल्याबाईंचे महेश्वर आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे; इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ स्थापन झाले. आपल्या किती मुलांनी ते पाहिले आहे?

सरळ रेषेत मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, रस्त्याने सहाशेच्या आत. रेल्वेने मात्र रतलाम-बडोद्यावरून सुमारे ८३० किलोमीटरांचा वळसा पडतो. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो झाल्यावर गोष्ट वेगळी. तोवर बस आहेच.

आणखी एक गोष्ट, जी सभेत कोणी बोलत नाही. विमानाचे भाडे सगळ्या घरांना झेपणारे नाही. अशा घरचे पालक तसे सांगणार नाहीत. ‘घरी लग्न आहे’ म्हणतील आणि मुलाला पाठवणार नाहीत. वर्गातली चार मुले मागे ठेवून गेलेली सहल शाळेची कशी म्हणावी? ज्यांना विमान दाखवायचे आहे, त्यांनी ते सुटीत जरूर दाखवावे.

विश्वस्त मंडळाने बसचा विचार केलाच तर एक विनंती आहे. मानपूर ते शिरपूर हा टप्पा दिवसाउजेडी पार व्हावा, खलघाटच्या पुलाअलीकडे पंधरा मिनिटे थांबावे, आणि त्या वेळेपुरता तरी बसमधला व्हिडिओ बंद असावा.