पैलवानामागं निघालेलं गाव

नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. संघटना दोन, म्हणून अधिवेशनं दोन, म्हणून केसरीही दोन. या भांडणात संघटनांची बाजू भरपूर छापून आली, मल्लांची थोडीफार आली. ज्याची बाजू मांडायला फारसं कुणी पुढं आलं नाही, तो माणूस म्हणजे वर्गणी काढून, गाडी ठरवून, उसाची तोड मागं ठेवून आपल्या गावच्या पोराची कुस्ती बघायला परमुलखात जाणारा शौकीन. आज या सदरात त्याच्याविषयी लिहायचं आहे. कुस्ती आजवर टिकली ती त्याच्या जिवावर.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या बाबतीत भाग्यवान. महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन २००५ ला इंदापुरात झालं, तिथं सईद चाऊस जिंकला. पुढच्याच वर्षी ते बारामतीत आलं आणि अमोल बुचडेनं गदा उचलली. शेजारशेजारच्या तालुक्यांत लागोपाठ दोन वर्षं राज्याची कुस्ती उतरली. पण घरच्या मैदानाचं सुख तेवढंच. बाकी वर्षी जायचं ते बाहेरगावी. सराटीपुढं नीरा ओलांडली की अकलूज. २०११ ला नरसिंग यादवनं आपली पहिली गदा तिथंच घेतली. भिगवणहून भीमेवरचा पूल ओलांडला की राशीन आणि पुढं कर्जत. ही दोन ठिकाणं म्हणजे अंगणच. पण अधिवेशन कधी गोंदियाला असतं, कधी नागपूरला, कधी जालन्याला. तिथंही आपल्याकडचे फेटे दिसतात.

या जाण्याची किंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. अधिवेशन बहुतेक वेळा हिवाळ्यात येतं आणि आपल्याकडं तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, सगळ्यांची धुराडी पेटलेली. टोळी आज येईल की उद्या, याची खात्री नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी लागलेली, विजेचं वेळापत्रक रात्रीचं. अशात दोन दिवस घर सोडायचं तर भावाला, शेजाऱ्याला सांगून पाणी धरायला लावावं लागतं. त्याची परतफेड पुढं करावी लागते. मग एका क्रूझरमध्ये बसतील तेवढे, आणि राहिलेले पिकअपमध्ये मागं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, पाण्याचे कॅन बरोबर. डिझेलचे पैसे आधीच गोळा केलेले असतात. ज्याला जमत नाही त्याच्या वाट्याचे दुसरा कुणीतरी घालतो आणि त्याचा उच्चार होत नाही.

आणि ही माणसं कुणासाठी जातात? टीव्हीवर दिसते ती शेवटच्या रात्रीची, ८६ ते १२५ किलो गटातली कुस्ती. पण अधिवेशन म्हणजे काही ती एकच कुस्ती नव्हे. माती आणि गादी हे दोन विभाग, प्रत्येकात दहा वजनगट. म्हणजे एका जिल्ह्याच्या संघात वीस मल्ल. त्यातला ५७ किलोचा पोरगा हा कुणाच्या तरी गावचा पहिलाच राज्यपातळीवर पोचलेला मल्ल असतो. दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला तालमीत घातलेलं असतं. त्याच्या दुधाचा, बदामाचा, तुपाचा खर्च बापाला पेलेना तेव्हा चुलत्यानं, मामानं, कधी गावातल्या दुकानदारानं हात लावलेला असतो. जत्रेच्या फडात रेवड्यांवर लढताना याच माणसांनी त्याला पाहिलेलं असतं. तालुक्याची चाचणी, मग जिल्ह्याची चाचणी, मग राज्य. त्याची कुस्ती सकाळी एखाद्या बाजूच्या गादीवर लागते, सहा मिनिटांत संपते, आणि हरला तर पुन्हा वर्षभर काही नाही. त्या सहा मिनिटांसाठी गाव गाडी करून आलेलं असतं. माझ्या मते आपल्या राज्यातल्या खेळातली सगळ्यात मोठी निष्ठा ती हीच आहे. गदेच्या कुस्तीला लाख माणूस जमतं. या कुस्तीला येणारी तीस-चाळीस माणसं मला जास्त मोलाची वाटतात.

या माणसाचं कुस्तीचं ज्ञान फडात तयार झालेलं असतं, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवं. चैत्रापासून गावोगाव जत्रा लागतात, उरूस लागतात, आणि त्यांच्या शेवटी कुस्त्यांचा फड. हलगी कडाडते, वस्ताद जोड लावतात, इनाम पुकारलं जातं. बसलेला प्रत्येक जण तिथं जाणता असतो. ढाक कधी लागला, घिस्सा कुठं फसला, एकलंगी अर्ध्यावर का सुटली, हे त्याला पोराटोरांना समजावून सांगता येतं. फडात निकाल म्हणजे चितपट. दोन्ही खांदे मातीला लागले, आकाश दिसलं, संपलं. पंच जोड बरोबरीत सोडवायला निघाले की चारी बाजूंनी ओरड होते: "सोडवू नका, निकाल लागू द्या!" निकालाचा हा आग्रह पिढ्यानपिढ्यांचा आहे आणि तो रास्त आहे.

हाच माणूस स्टेडियममध्ये गादीसमोर बसतो तेव्हा खेळ बदललेला असतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. ताबा घेतला तर दोन गुण, उभ्यानं उचलून पाठीवर टाकलं तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते. निष्क्रिय मल्लाला ताकीद, मग तीस सेकंदांत गुण घेतला नाही तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. प्रशिक्षकानं निकालाला आव्हान दिलं तर चित्रीकरण पुन्हा पाहिलं जातं, आणि आव्हान फेटाळलं गेलं तर एक गुण विरुद्ध बाजूला. हे नियम चांगले आहेत. जगात याच नियमांनी कुस्ती होते, आपल्या पोरांना ऑलिंपिकला जायचं असेल तर ते अंगवळणी पडलेच पाहिजेत. पण प्रेक्षकाला ते कुणी सांगत नाही. गुणफलक असतो तो पंचांच्या टेबलाकडं तोंड करून. निवेदकाच्या हातातला ध्वनिक्षेपक पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेला. समोर काय घडलं ते शौकिनाला दिसतं, गुण का दिले ते समजत नाही, आणि त्या न समजण्यातून संशय जन्मतो.

जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला काय झालं ते आठवावं. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, दोनच गुण द्यायला हवे होते, असं त्याच्या पाठीराख्यांचं म्हणणं. महाराष्ट्रभर मोबाइलवर ती टांग फिरत राहिली. जो तो पंच झाला. प्रकरण इतकं चिघळलं की पंचांना धमकीचा फोन गेला आणि पोलिसांत तक्रार झाली. दोन वर्षांनी अहिल्यानगरला त्याहून वाईट. निकाल मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला, आणि दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर हात टाकणारा मल्ल आणि पंचाला धमकावणारा शौकीन, दोघांचंही समर्थन मी करणार नाही. तालमीत पहिला धडा वस्तादांच्या पाया पडण्याचा असतो आणि मैदानात पंच वस्तादांच्या जागी असतो. पण त्या चार गुणांचं कारण तिथल्या तिथं, पडद्यावर चित्र दाखवून, ध्वनिक्षेपकावरून साध्या मराठीत सांगितलं असतं, तर संतापाची अर्धी धार तरी कमी झाली असती. जाणत्या माणसाला कारण दिलं की तो हार पचवतो. फडातला अनुभव हेच सांगतो.

बाहेरगावाहून येणाऱ्या पाठीराख्याला हक्क असतो ही कल्पना इंग्लंडमध्ये फुटबॉलनं कधीच मान्य केली आहे. १८७१ साली सुरू झालेल्या एफए कपमध्ये व्यावसायिक लीगच्या बाहेरचे, छोट्या गावांचे संघही उतरतात. त्या स्पर्धेच्या नियमानुसार पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना मैदानाच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येते आणि तिकिटाच्या उत्पन्नात पाहुण्या क्लबालाही वाटा मिळतो. २०१७ ला लिंकन सिटी हा पाचव्या पायरीवरचा संघ १८ फेब्रुवारीला बर्नलीच्या मैदानावर गेला आणि ८९ व्या मिनिटाला गोल करून प्रीमियर लीगमधल्या संघाला हरवून आला. लीगबाहेरचा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती १०३ वर्षांतली पहिली वेळ. पुढची लढत आर्सेनलशी, लंडनमध्ये. लिंकनहून जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. संघ पाच गोलांनी हरला. पण त्या नऊ हजारांना एकत्र बसायला जागा होती, आणि ती त्यांच्या हक्काची होती.

आपल्याकडं याच्या जवळ जाणारं दृश्य कोल्हापुरात दिसतं. तिथं तालमींनीच फुटबॉलचे संघ वाढवले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावं घेतली की शाहू स्टेडियममध्ये पेठाच्या पेठा उतरतात. मात्र ते सगळं एकाच शहरात. परगावी जाणाऱ्या पाठीराख्याचं दुखणं वेगळं, आणि ते कुस्तीत रोजचं आहे.

अधिवेशनाच्या मैदानात पुढच्या रांगा सोफ्यांनी भरलेल्या असतात. त्यामागं पासवाल्यांच्या खुर्च्या. कर्जतला काय, नागपूरला काय, ज्याच्या गावचा पोरगा आत लढतोय तो बांबूच्या कुंपणामागं, टाचा वर करून. प्रत्येक जिल्हासंघाच्या पाठीराख्यांसाठी गादीपासून दिसेल अशी एक ठरावीक जागा राखून ठेवणं अवघड नाही. रोजच्या कुस्त्यांचं वजनगटवार वेळापत्रक आदल्या रात्री मोबाइलवर टाकणं तर त्याहून सोपं. ते नसतं म्हणून गाड्या पहाटे पोचतात आणि कुस्ती संध्याकाळी लागते, किंवा त्याउलट गाडी राशीनमध्ये चहाला थांबलेली असताना इकडं पोरगा हरून बाहेर आलेला असतो. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, रात्री पाठ टेकायला शाळेची एखादी खोली. यापलीकडं या माणसाची मागणी नसते.

हे जमणार नाही असं आमच्या दोन तालुक्यांना तरी कुणी सांगू नये. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीवरून अकलूजला जाते. बेलवाडीच्या रिंगणाला जमणारा समुदाय कुठल्याही कुस्तीच्या मैदानापेक्षा मोठा. पाणी, भाकरी, मुक्कामाची जागा, हे सगळं गावं करतात, वर्षानुवर्षं करतात. परक्या माणसाची सोय कशी करायची हे ज्या मातीला ठाऊक आहे, तिथं पुन्हा कधी राज्याची कुस्ती आली तर आधी हे झालं पाहिजे.

बायकांचाही विचार आता व्हायला हवा. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. आपल्याकडच्या तालमींत मुली येऊ लागल्या आहेत. मुलगी लढायला गेली की आई, मावशी, बहीण मागोमाग निघणारच. कुंपणामागच्या रेटारेटीत त्यांनी उभं राहायचं का? त्यांना बसायला जागा नसेल तर मुलीही फार काळ टिकायच्या नाहीत.

राहिला प्रश्न दोन गदांचा. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ला उभी राहिली, मामासाहेब मोहोळांनी ती वाढवली. १९६१ ला औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्या एका किताबामागं अख्खं राज्य उभं होतं. आज गावातली गाडी कुठल्या अधिवेशनाला न्यायची, आपल्या पोरानं कुठल्या चाचणीला उतरायचं, उतरला तर दुसऱ्या बाजूचं दार बंद होईल का, अशा प्रश्नांत वस्ताद आणि पालक अडकले आहेत. कायदेशीर वाद कुणाचा खरा हे न्यायालय ठरवेल. पण दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: तुमच्या मांडवात जमणारी गर्दी तुमची नाही, ती त्या वीस-वीस पोरांच्या गावांची आहे. तिला दोन वेळा डिझेल जाळायला लावण्याचा अधिकार तुम्हाला नाही. एकत्र बसा आणि एकच गदा ठेवा.

वाचकांना एक विनंती. या हंगामात तुमच्या तालुक्याची निवड चाचणी लागेल, तेव्हा सकाळीच जा. वजनं होताना जा, ५७ किलोच्या कुस्त्या सुरू होताना जा. जो पोरगा निवडला जाईल त्याच्या वस्तादांना भेटा, अधिवेशनाला गाडी कधी निघणार ते विचारा आणि तिच्यात बसा.