चाच्यांच्या सभेतला आमचा आंग्रे

चाच्यांचे सिनेमे पाहणे हे शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे, असे आमच्या परिचयाच्या काही विद्वान मंडळींचे मत आहे. ते मत त्यांस लखलाभ असो. आम्ही ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या सिनेमालिकेचे भक्त आहोत, आणि तिचा २००७ सालचा तिसरा भाग, ‘अॅट वर्ल्ड्स एंड’, हा पाचही भागांत श्रेष्ठ आहे असे आमचे ठाम मत आहे. तो निघाला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाके मुरडली. म्हणे कथा फार गुंत्याची, म्हणे लांबी फार. लांबी किती, तर पावणेतीन तासांच्या आसपास! रात्रभर तमाशा पाहून सकाळी औताला जाणाऱ्या माणसाला पावणेतीन तासांचे भय कोणी दाखवू नये. आणि गुंत्याविषयी म्हणाल, तर भाऊबंदकीचा एक दावा तीन पिढ्या तोंडपाठ ठेवणाऱ्या आमच्या खेडुतास हा गुंता म्हणजे पोरखेळ.

कोणी विचारील, छत्रपती संभाजीनगराहून मुंबईचा किनारा तीनशे किलोमीटरांपलीकडे; येथल्या कित्येक बायाबापड्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही; मग जहाजांच्या कथेशी आमचा संबंध काय? वाचकहो, संबंध पुष्कळ आहे. १६१० साली खडकी म्हणून हे शहर वसविणारा मलिक अंबर स्वतः गुलाम म्हणून समुद्र ओलांडून या देशात आला होता. पण तेवढे लांब जावयास नको. या सिनेमात एक आंग्रे आहे, आणि त्याच्यावर झालेल्या अन्यायाविषयी आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. तत्पूर्वी सिनेमाचे गुण सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ज्याचे प्रेम त्यालाच तक्रारीचा अधिकार.

सिनेमा उघडतो तोच फासावर. बेड्या घातलेल्या माणसांची रांग लागली आहे. अधिकारी वाचून दाखवितो, की आजपासून सभा भरविण्याचा हक्क बंद, वकील देण्याचा हक्क बंद, पंचांपुढे न्याय मागण्याचा हक्क बंद. जो चाचा असेल तो फाशी, आणि जो चाच्याच्या ओळखीचा असेल तोही फाशी. रांगेत एक लहान पोर आहे. त्याचा गळा दोरापर्यंत पोहोचत नाही म्हणून त्याच्या पायांखाली पिंप ठेवावे लागते. आणि हे सारे करणारे कोण? ईस्ट इंडियावाली व्यापारी कंपनी! तिचा बेकेट नावाचा गोरा लॉर्ड चहाचा पेला हातात धरून हे सगळे चालवितो. एकदाही आवाज चढवीत नाही. खरी ईस्ट इंडिया कंपनी त्या कॅरिबियन समुद्रात राज्य करीत नव्हती, हे आम्हांस ठाऊक आहे. पण तिचा स्वभाव सिनेमावाल्यांनी बरोबर ओळखला आहे. तीस कोटी डॉलरांच्या घरात खर्च करून अमेरिकेच्या लोकांनी सिनेमा काढला, आणि त्यात खरा लुटारू म्हणून कंपनीला उभे केले, याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो.

दुसरी गोष्ट नायकाची. विल टर्नर हा लोहार आहे. पहिल्या भागात तो तरवार घडवितो, तीन तीन तास सराव करतो, आणि गावात वाहवा होते ती त्याच्या दारूबाज मालकाची. कोणत्याही कारागिराने हा प्रसंग पाहावा आणि आपल्या घरचा नाही असे सांगावे! या विलचा बाप डेव्ही जोन्स नावाच्या कप्तानाच्या जहाजावर अडकला आहे. बुडत्या माणसाला जोन्स विचारतो, मरतोस की माझी चाकरी करतोस? भ्यालेला माणूस चाकरी पत्करतो, आणि मग शंभर वर्षांची बांधिलकी. हळूहळू तो माणूस जहाजाच्या लाकडातच रुजत जातो, त्याचा चेहरा भिंतीचा भाग होतो, स्वतःचे नावही त्याला आठवेनासे होते. सालगड्याचे जिणे याहून नेमके कोणी दाखविले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या जोन्सचे काळीज एका पेटीत बंद आहे, आणि या भागात ती पेटी कंपनीच्या हाती लागली आहे. ज्याच्या हाती पेटी, त्याच्या हाती जहाज. सावकाराच्या पेटीत ज्यांच्या आजाचे खत पडून होते त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आता कप्तान जॅक स्पॅरो. जॉनी डेपने केलेले हे सोंग आमच्या तमाशातल्या सोंगाड्याचे सख्खे भावंड आहे. चालणे डुलत, बोलणे वाकडे, आणि मालकाला मालकाच्याच शब्दांत गुंडाळून ठेवणे ही त्याची विद्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याला समुद्री राक्षसाने गिळलेले असते. तिसऱ्यात तो मेल्यावरच्या एका मुलखात सापडतो. त्या मुलखात पाणी नाही, वारा नाही. पांढऱ्याफेक भेगाळ जमिनीवर त्याचे जहाज उभे आहे. जहाजावर सगळे खलाशी जॅकच. तोच हुकूम सोडतो, तोच शिव्या खातो. अखेरीस दगडांचे खेकडे होतात आणि ते लक्षावधी खेकडे जहाज पाठीवर घेऊन निघतात. दुष्काळात कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाशी उभा राहिलेला मराठवाड्याचा माणूस हे दृश्य पाहून हसतोही आणि गप्पही होतो. आमच्या शेजारची एक आजी एवढेच म्हणाली, “होडी आहे पण पाणी नाही, आपलंच गाव दाखवलंय बाई.”

असो. आता मुख्य गोष्ट. कंपनीविरुद्ध काय करावे हे ठरविण्यासाठी जगातल्या नऊ समुद्रांच्या नऊ चाचेसरदारांची सभा भरते. प्रत्येकाने आपली खूण म्हणून मौल्यवान नाणे आणावयाचे. पण पहिल्या सभेच्या वेळी सगळेच कफल्लक असल्यामुळे खिशात जे सापडले ते ठेवले गेले, आणि तेच चिंध्यामोडके पुढे पवित्र ठरले. राजा निवडावयाचा तर प्रत्येक सरदार स्वतःलाच मत देतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्यांना येथे हसू आवरत नाही. या नवांत हिंदी महासागराचा सरदार आहे त्याचे नाव श्री संभाजी आंग्रिया. पगडी, दाढी, झगमगीत पोशाख. मूळचे इराणचे नट मार्शल मनेश यांनी हे काम केले आहे. सभेत तो स्वतः बोलत नाही, त्याचे सेवक त्याच्या वतीने बोलतात. आणि अखेरीस जेव्हा तो युद्धाला चला म्हणून स्वतः तोंड उघडतो, तेव्हा त्या भारदस्त देहातून बारीक किरटा आवाज निघतो. थिएटर हसते. तेवढ्यासाठीच तो ठेवलेला आहे.

वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, ज्यांचे नाव आमच्या शहरास २०२३ साली दिले गेले ते छत्रपती संभाजी महाराज निराळे. त्यांनी १६८२ साली जंजिऱ्याचा पाडाव करण्यासाठी समुद्रात दगड टाकून सेतू बांधावयास घेतला होता. सिनेमात नाव घेतले आहे ते सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या मुलाचे. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. कान्होजी १७२९ साली वारले, थोरला सेखोजी १७३३ साली गेला, आणि सरखेली या संभाजीकडे आली. १७३५ च्या डिसेंबरात त्याच्या आरमाराने ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे मालवाहू जहाज धरून नेले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. सिनेमातली कंपनी ज्या सभेला भिते, त्या सभेत कंपनीला खरोखर हात दाखविलेला जर कोणी असेल, तर तो हा. आणि त्यालाच विदूषक केले!

सिनेमावाल्यांस एकट्यास दोष देऊन भागणार नाही. त्यांनी पुस्तक उघडले ते इंग्रजाचे, आणि इंग्रजाच्या दप्तरात आंग्रे हा ‘पायरेट’, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. का? तर कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, पैसे भरून घ्यावे असा त्यांचा दंडक होता. दस्तक नसेल तर जहाज जप्त. हीच रीत पोर्तुगीजांची होती, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रज कंपनी स्वतः देशी जहाजांना पास देत असे. मग पोर्तुगीज तो राजा, इंग्रज तो व्यापारी, आणि ज्याच्या घरासमोरून वाट जाते तो आंग्रे मात्र चोर, हा कोठला हिशेब? आंग्रे काही संत नव्हते. त्यांच्या माणसांनी गरीब व्यापाऱ्याचाही माल धरला असेल. पण जकातनाक्यावरच्या माणसास दरोडेखोर म्हणावयाचे तर सगळ्याच नाक्यांवरच्या माणसांस म्हणावे.

खरा समुद्री दरोडा कसा असतो याची साक्ष आमच्या शेजारीच आहे. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेहून सुरतेस परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज गाठले. यात्रेकरूंना लुटले, छळले, बायकांची विटंबना केली. औरंगजेबाने संतापून सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले. तो बादशहा आज खुलताबादेस, आमच्या शहरापासून पाऊणएक तासाच्या वाटेवर, मातीच्या साध्या कबरीत आहे. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्या अंगावर राज्य नव्हते, किनारा नव्हता, रयत नव्हती. कान्होजीच्या मागे कुलाबा होता, सुवर्णदुर्ग होता, विजयदुर्ग होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. चोराला पकडावयास दोन देशांची आरमारे लागत नाहीत.

मग हे आरमार बुडाले कसे? सिनेमातली सभा ज्या कारणाने फसू पाहते त्याच कारणाने. संभाजी आणि त्याचा भाऊ मानाजी यांचे जुळले नाही. १७४० साली संभाजीने मानाजीच्या कुलाब्यावर हल्ला केला, तेव्हा मानाजीच्या मदतीला पेशवे आले आणि इंग्रजही आले. संभाजी १७४२ साली वारला, तुळाजी गादीवर बसला. त्याचे आणि पेशव्यांचे पटले नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांच्या संगनमताने इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि आंग्र्यांची गुराबे बंदरातच जळून खाक झाली. तुळाजी कैदेत मेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा. सिनेमात चाच्यांचे भांडण ऐन वेळी मिटते आणि बेकेटचे जहाज दोन्ही बाजूंच्या तोफांनी चिंधड्या होऊन उडते. तो मात्र आपल्या जिन्यावरून शांतपणे उतरत असतो. तो देखावा पाहताना दर वेळी आम्ही टाळ्या वाजवितो, आणि दर वेळी विजयदुर्ग आठवतो.

आमची मागणी अशी आहे, की आंग्र्यांवर असाच दणदणीत सिनेमा मराठीत निघावा. आमच्या लोकांना हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीने १९३६ सालीच ‘अमर ज्योती’ काढला. त्यात दुर्गा खोटे यांची सौदामिनी ही जुलमाविरुद्ध चाचेगिरी पत्करणारी बाई होती, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम. केइरा नाइटलीची एलिझाबेथ चाच्यांची राजा निवडली जाते त्याच्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट.

परंतु सिनेमा निघालाच तर त्यात नुसता दरबार, जिरेटोप आणि लांब भाषणे नकोत. गुराब दाखवा. नाळेवरच्या तोफा पुढे तोंड करून मारणारी, उथळ पाण्यात चालणारी ती नाव सागवानातून कशी उभी राहिली ते दाखवा. वाघोटणच्या खाडीत घाम गाळणारे सुतार, खिळे ठोकणारे लोहार, शीड शिवणारे हात दाखवा. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते मोठ्या गुराबेला दोरांनी ओढून नेत, आणि इंग्रजी जहाजाच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा वळत नसत, तेथे नेऊन उभी करीत. ती वल्ही मारणारे कोळी, भंडारी, गाबीत दाखवा. २०२५ साली खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. उत्तम झाले. पण किल्ल्याचा दगड ज्याने घडविला त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही. निदान पडद्यावर तरी त्याचा चेहरा दिसू द्या. आणि आंग्र्याचा आवाज, कृपा करून, माणसाचा ठेवा.

एक गोष्ट राहिली. ऐन लढाईत, समुद्राच्या भोवऱ्यात दोन जहाजे गरगरत असता, विल आणि एलिझाबेथ लग्न लावून घेतात. बार्बोसा नावाचा म्हातारा चाचा एका हाताने तरवार फिरवीत त्यांचे लग्न लावतो. ना पंचांग, ना मुहूर्त, ना भटजी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून अशी लग्ने लावून दाखविली तेव्हा पुण्यात केवढी ओरड झाली होती. येथे तर नवरानवरी दोघेही मधूनमधून शत्रू कापीत आहेत!

लग्न टिकते एक दिवस. विल त्या शापित जहाजाचा कप्तान होतो, आणि त्याला दहा वर्षांतून एकच दिवस जमिनीवर उतरण्याची मुभा. कारखान्यावर ऊस तोडावयास गेलेल्या माणसांच्या घरी हे काय असते ते सांगावयास नको. पुढचे आम्ही सांगत नाही. मात्र एवढे बजावतो, की नावांची लांबलचक यादी सुरू झाली म्हणून उठू नका, पोरांनाही उठू देऊ नका. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धे थिएटर चपला शोधीत बाहेर पडले होते. यादी पुरी सरू द्या. तिच्यानंतर एक कडा आहे, कड्यावर एलिझाबेथ आहे, तिच्याजवळ नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उभा आहे, आणि दोघे समुद्राकडे पाहत आहेत.