बेळगावच्या पत्रकाराची आठवण



‘परदेशी पत्रकारांना युद्ध कळत नाही, घरचेच खरे लिहितात’ हे गेल्या अंकातील पत्रातले विधान मला मुळीच पटले नाही. १९७१ चा पूर्व पाकिस्तान आठवावा. २५ मार्चच्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि परदेशी बातमीदारांना हॉटेलात कोंडून मग देशाबाहेर काढले. त्यांतले सायमन ड्रिंग लपून राहिले, म्हणून ‘डेली टेलिग्राफ’ला ती हकिकत मिळाली. पाकिस्तानातल्या वर्तमानपत्रांवर तेव्हा सेन्सॉर होता.

पण घरच्यांना दिसत नव्हते असेही नाही. अँथनी मस्कारेन्हस बेळगावात जन्मलेले, कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये नोकरीला. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानच्या दौऱ्यावर नेले. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. मस्कारेन्हस यांना ते जमेना. बहीण आजारी असल्याचे सांगून त्यांनी लंडन गाठले, बायको आणि पाच मुलांना कराचीतून सुखरूप बाहेर काढले, आणि मगच १३ जूनला ‘संडे टाइम्स’मध्ये डोळ्यांनी पाहिलेले सारे छापून आले. केवढी किंमत ही!

बातमी देशी की परदेशी हे विचारण्याआधी ती लिहिणाऱ्याला पाहू दिले होते का, छापू दिले होते का, एवढे पत्रलेखकांनी जरूर तपासावे.

– एक वाचक, बेळगाव