राणीचे ऑपरेशन आणि काकांची साखर

गेल्या श्रावणात, दवाखाना बंद करण्याच्या सुमारास, माझे एक जुने रुग्ण दारात उभे राहिले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, मधुमेहाची गोळी चालू, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारे औषधही चालू. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्यात. घरात ते आणि नऊ वर्षांची राणी नावाची कुत्री, एवढाच परिवार. ते स्वतःसाठी आलेच नव्हते.

"डॉक्टरसाहेब, राणी तीन दिवसांपासून भाकरीला तोंड लावीना. पाणी मात्र घमेलंभर पिते. लेकरांना देता तसलं एखादं औषध द्या की."

मी चौकशी केली. दीड महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेली होती. आता पोट फुगलेले, वारंवार लघवी, अंगात त्राण नाही. काकांनी आदल्या रात्री घरातली अंगदुखीची अर्धी गोळी भाकरीत चुरून दिली होती, त्यानंतर तिला दोन उलट्या झाल्या. माझा अभ्यास माणसांपुरता आहे, म्हणून औषध देण्यास मी नकार दिला. एका परिचित पशुवैद्यकांना मात्र तेथूनच दूरध्वनी केला. लक्षणे ऐकताच ते म्हणाले, "सकाळची वाट पाहा, पण दुपारची पाहू नका."

नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू साठतो. या विकाराला पायोमेट्रा म्हणतात. बहुधा माज ओसरल्यानंतर काही आठवड्यांत तो दिसतो. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर घाण स्राव बाहेर येतो आणि घरच्यांच्या ध्यानात येते. तोंड मिटलेले असेल तर स्राव दिसत नाही, पोट फुगत जाते, आणि हाच प्रकार अधिक घातक. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय व अंडकोश काढून टाकणे. जी शस्त्रक्रिया तरुणपणी नसबंदी म्हणून सहज झाली असती, तीच मग विषबाधा झालेल्या शरीरावर करावी लागते.

आपल्या पूर्णेपासून परभणी सुमारे तीस किलोमीटर. तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासूनचे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतले. पशुवैद्यक म्हटले की आपल्याकडे बैल आणि म्हशीच डोळ्यांपुढे येतात. पण अशा महाविद्यालयात शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो आणि कुत्र्या-मांजरांनाही माणसाप्रमाणेच रक्त तपासून, सलाईन लावून, भूल देऊन शस्त्रक्रियेस घेतात. "नऊ वर्षांची आहे, भूल सोसेल का?" हा काकांचा प्रश्न रास्त होता. परंतु वय हा स्वतः आजार नव्हे. मूत्रपिंड, यकृत आणि हृदय काय म्हणतात, ते पाहून निर्णय होतो. राणीच्या बाबतीत थांबण्याचा धोका भुलीच्या धोक्याहून मोठा होता.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवावे, हे पशुवैद्यक सांगतात. त्यात माया आड येऊ देऊ नये. निघताना "एवढाच घास" म्हणून भरवलेली दूधभाकरी भुलीत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते.

राणी वाचली. गडबड काकांची झाली. पहाटे मधुमेहाची गोळी घेऊन ते भाड्याच्या गाडीने निघाले, आणि राणी उपाशी म्हणून स्वतःही उपाशी राहिले. दुपारी ओसरीत बसल्या बसल्या दरदरून घाम, हातांना कंप. म्हैस घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने ओळखले आणि साखरेचा चहा पाजला. पशुवैद्यकाकडे जाणाऱ्या ज्येष्ठांच्या पिशवीत त्यांची औषधे, बिस्किटे व पाण्याची बाटली असलीच पाहिजे, आणि सोबत एक तरणा माणूस.

घरी आल्यावर पहिले दहा-बारा दिवस जिकिरीचे असतात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची पट्टी घालतात. जनावर केविलवाणे दिसते म्हणून ती काढू नये. एका रात्रीत टाके उसवल्याची उदाहरणे पशुवैद्यक सांगतात. कुत्रे उचलायचे तर दोघांनी, जाड चादरीच्या झोळीत. एकट्याने कमरेत वाकून नको. साखळी मनगटाला गुंडाळून फिरायला नेणे तर वृद्धांनी एरवीही टाळावे. एका हिसक्यासरशी पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

वेदनेसाठी पशुवैद्यकांनी दिलेलेच औषध द्यावे. आपली आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण पाडते, मूत्रपिंडे बिघडवते. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच. ते औषध निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या काळपट-निळ्या पडतात. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजरांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही होत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

तिसऱ्या दिवशी जखम पुसताना राणीने काकांच्या हाताला दात लावला. आयुष्यात प्रथमच. दुखावलेले जनावर धनी ओळखत नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे वाहणे थांबेना. काकांनी हळद दाबून धरली होती. ती धुऊन काढून मी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुवायला लावला, वर घट्ट कापड दाबले आणि त्यांना सरकारी रुग्णालयात धाडले. राणीला दरवर्षी लस होती, तरी रेबीजच्या बाबतीत मी अंदाजावर विसंबत नाही. काकांना त्याच दिवशी लस मिळाली, आणि रक्त आले होते म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही.

टाके निघाले त्या दिवशी मुलगा पुण्याहून आला होता. आता दर पंधरवड्याला काका साखर तपासायला येतात. राणी बाहेर पायरीवर बसून असते, आणि आत बोलणे लांबले की एकदाच भुंकते.