घोषणा बघून ठरलेला नियम

30 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या लान्सिंगमधल्या विधिमंडळाच्या इमारतीत कोरोनाकाळातल्या टाळेबंदीविरोधी निदर्शक शिरले. काहींच्या खांद्याला रायफली होत्या. ‘मिशिगन मुक्त करा’ असं ट्वीट करून अध्यक्ष ट्रम्प यांनी आधीच त्यांची पाठ थोपटली होती. पुढे कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्यांना ते आवरलं नाही तर लष्कर धाडू, अशी धमकी याच अध्यक्षांनी 1 जूनला दिली. दुसरीकडे बाराशेहून अधिक आरोग्यतज्ज्ञ आणि कार्यकर्त्यांनी खुलं पत्र काढून या निदर्शनांना पाठिंबा दिला. टाळेबंदीविरोधी जमावांना मात्र ही मुभा नाही, असंही बजावलं. दोन्ही बाजूंनी गर्दीची परीक्षा तिच्या घोषणांवरून केली.

वर्णद्वेषानेही माणसं मरतात, मग दोन्ही आंदोलनं एका पारड्यात कशी घालायची, हा प्रश्न रास्त आहे. मागण्यांचं नैतिक मोल सारखं नाहीच. पण विषाणू मागणी विचारत नाही. उघड्यावर मास्क लावून जमल्यास धोका कमी, हे खरं असेल तर ते प्रार्थनेला जमलेल्यांनाही लागू व्हायला हवं. तज्ज्ञांनी इथे आपपरभाव दाखवला की पुढे लशीबद्दलचा त्यांचा शब्दही लोकांना पक्षाचा वाटू लागतो.

अध्यक्षांच्या अधिकाराचंही तसंच. तिथे ‘कोणाचा अध्यक्ष’ यापेक्षा ‘कोणता कायदा’ हे विचारायला हवं. 13 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारलं. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवरची बायडेन सरकारची ‘लस किंवा चाचणी’ सक्ती 6 विरुद्ध 3 मतांनी रोखली. सरकारी विमायोजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची लससक्ती मात्र 5 विरुद्ध 4 ने चालू ठेवली. बहुमताच्या मते दुसऱ्या सक्तीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्याचा आधार होता, पहिलीला नव्हता.

साथ काँग्रेससाठी थांबत नाही, हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण नुसत्या फर्मानाचा टिकाऊपणा किती? विमानातली मास्कसक्ती एप्रिल 2022 मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशाच्या निकालाने उठली. म्हणूनच अध्यक्षांना काय करता येईल आणि किती दिवस, हे काँग्रेसने साथ नसतानाच लिहून ठेवावं. पुढच्या साथीत खुर्चीवर कोण असेल हे ठाऊक नसताना केलेला कायदाच दोन्ही पक्षांना मान्य होण्याची शक्यता अधिक.