वेबपानांचे दप्तर

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळत होते, तेव्हा त्यांची शर्यत वाळवीशी आणि मालकांच्या बेफिकिरीशी होती. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे ते २२ झाले. पानिपतापूर्वीच्या दशकातली पत्रे आज वाचता येतात, कारण एक माणूस वेळेवर पोहोचला. जी दप्तरे त्याआधीच गेली, त्यांची साधी यादीही कुणाकडे नाही.

छापील मजकुरामागे निदान कायदा उभा राहिला. १८६७ पासून मुद्रकाला पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती देण्याचे बंधन घातले. त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालयही आले. १९५६ मध्ये वृत्तपत्रांची भर पडली. या कायद्याला वेबपान ठाऊक नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या ग्रंथालयांना देशातली संकेतस्थळे साठवण्याचा अधिकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर १९९६ मध्येच हे काम हाती घेतले होते.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूस्टर केल यांनी इंटरनेट आर्काइव्ह सुरू केले आणि २००१ मध्ये त्याचे ‘वेबॅक मशीन’ सर्वांसाठी खुले झाले. त्याची गरज किती, हे प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवले: २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नव्हती. डोमेनचे पैसे भरायचे राहतात, संस्थेत नवे लोक येतात, संकेतस्थळाचा चेहरा बदलताना जुने पत्ते तुटतात. यासाठी आग लागावी लागत नाही.

मराठीचे दुखणे याहून खोल आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टमध्ये मजकूर चढवत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो फॉन्ट हाती नसेल, तर जतन झालेले पानही आज निरर्थक अक्षरांची रांग म्हणून उघडते. पान उरले, मजकूर हरवला. मोडी वाचणारा अजून भेटतो. पण त्या फॉन्टांचे तक्ते कुणी जपलेच नाहीत, तर पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी उलगडायची कशी? हे तक्ते आणि रूपांतराच्या आज्ञावली गोळा करणे, हे विद्यापीठांच्या मराठी विभागांचे तातडीचे काम आहे. मोडी कागदांइतकेच मोलाचे.

सगळा भार परदेशातल्या एका खासगी संस्थेवर टाकून भागणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तीही काही दिवस बंद पडली होती. शिवाय लॉगिनमागची पाने तिच्या यंत्रणेला दिसत नाहीत. राज्याने मराठी संकेतस्थळांचा संग्रह स्वतः उभारावा आणि केंद्राने १९५४ च्या कायद्यात वेबपानाला जागा द्यावी.

तोवर वाचकाने थांबू नये. गावाच्या इतिहासाचा लेख, बंद पडलेल्या मासिकाचा अंक, एखाद्या लोककलावंताची मुलाखत असे काही मोलाचे दिसले, की त्याचा पत्ता वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’ चौकटीत टाकावा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. त्यात पानाचा पत्ता आणि तारीख बहुधा राहत नाही, आणि त्याशिवाय उद्याच्या अभ्यासकाला तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही. आपल्या संस्थेचे संकेतस्थळ असेल, तर हे काम याच आठवड्यात करा.