मोटारसायकलचे ऑइल : भारी की योग्य?
– ऊस विकास अधिकारी



ऊसवाल्या माणसाने लागणीवर, खतावर लिहावे. ऑइलवर कशाला, असे कुणी म्हणेल. पण खताचे पोते, वैरणीचा भारा, डिझेलचा कॅन, सगळे मोटारसायकलवरच येते. गट ऑफिसात नोंदीला आलेले सभासद हमखास विचारतात, "साहेब, गाडीत सिंथेटिक टाकू का साधं?"

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या रोजच्या १००-१२५ सीसीच्या गाडीला, कंपनीच्या पुस्तिकेत मुद्दाम सिंथेटिक सांगितले नसेल, तर चांगले साधे ऑइल पुरते. ग्रेड बरोबर पाहिजे आणि बदली वेळेवर पाहिजे.

सिंथेटिक वाईट नाही. ते जास्त उष्णता सोसते, थंडीत लवकर पसरते, जास्त टिकते. रोज हायवेने लांब पळणारी, जास्त ताकदीची गाडी असेल तर पैसे जरूर घाला. पण आपली गाडी पाणंदीच्या धुळीतून चालते. एअर फिल्टर फाटका असेल तर भारी ऑइलसुद्धा धूळ अडवत नाही.

माझीच चूक सांगतो. चारचाकीचे उरलेले महागडे सिंथेटिक ऑइल मी माझ्या गाडीत ओतले. म्हटलं, भारी आहे, चांगलंच असणार. थोड्याच दिवसांत क्लच घसरू लागला. इंजिन ओरडतंय, गाडी ओढत नाही! शेवटी क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. चारचाकीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्याने क्लचची पकड सुटते. म्हणून जपानने १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलासाठी वेगळे 'जासो' मानक काढले. अशा क्लचच्या गाडीला डब्यावर 'जासो एम.ए.' किंवा 'एम.ए.२' पाहून घ्या. 'एम.बी.' घेऊ नका, ते बहुतेक स्कूटरसाठी असते.

खताच्या पोत्यावरचे चित्र न पाहता आपण १०:२६:२६ हे आकडे वाचतो ना? तसेच इथे. '१० डब्ल्यू-३०' यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. पुस्तिकेत जो लिहिला तोच घ्या.

"एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं चालत नाही" हा गैरसमज आहे. योग्य ग्रेडचे असेल तर चालते.

महागडे ऑइल घालून वर्षभर न बघणाऱ्यापेक्षा, साधे घालून वेळेवर बदलणारा शहाणा. पट्टी काढून पातळी बघायला दोन मिनिटे लागतात. वाचलेल्या पैशात एअर फिल्टर नवा बसवा.

आणि काढलेले काळे ऑइल पाटात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. तेच पाणी आपल्या उसाला आणि घरात जाते.